घरचं लाकूड

साळूकाकीचा बाप मागून आणलेल्या लाकडावर जळला आणि ही गोष्ट काकीला आयुष्यभर खुपत राहिली. आमच्या वाडीची रीत अशी, की ज्याच्या नावावर गुंठाभर का होईना रान आहे त्याचं सरण त्याच्या बांधावरच्या लाकडाचं. वखारीतलं किंवा दुसऱ्यानं दिलेलं लाकूड हे ज्याला रानच नाही त्याला. काकीच्या बापाला रान नव्हतं. तो गेला तेव्हा काकी नऊ वर्षांची होती आणि तिच्या आईनं घरोघर फिरून एकेक ओंडका गोळा केला होता. कुणी ओलं दिलं, कुणी वाळवी लागलेलं. एका बाईनं तर ओंडका देताना सांगितलं, की पावसाळ्याचं जळण आहे, जेवढं लागेल तेवढंच न्या. काकीनं मला हे निदान वीसदा सांगितलं असेल.

लग्न होऊन ती पळसखोलात आली, म्हणजे आमच्या वाडीत. वाडी सातारा जिल्ह्यात, पण बाजार विट्याचा, म्हणजे सांगली जिल्ह्यातला. सासरचं रान पाहिल्यावर तिनं पहिलं काम केलं ते विहिरीच्या बांधावर आंब्याची कोय लावण्याचं. बहात्तरच्या दुष्काळात ती दिवसभर खडी फोडायला जायची आणि येताना अर्ध्या कोसावरून कळशी आणून अर्धी घरात, अर्धी त्या रोपाला घालायची. सासू बडबडायची, माणसं तहानली आणि ही झाडाला पाजते म्हणून. काकीनं ऐकलं नाही. झाड वाढलं. फळ शेंदरी रंगाचं यायचं म्हणून आम्ही त्याला शेंदऱ्या म्हणत होतो. लहानपणी मी आणि नाथाजीनं त्याच्या कैऱ्या पाडून काकीचा मारही खाल्ला आहे. पण काकीला त्याच्या आंब्यांचं फारसं कौतुक नव्हतं. बुंध्यावर हात ठेवून ती सरळ म्हणायची, हे माझं लाकूड आहे. कुणी दचकलं तर हसायची.

मी सयाजी. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन शेती करतो. नाथाजी काकीचा एकुलता एक मुलगा, माझा बालमित्र आणि भावकीतला. त्याच्या रानाला माझं रान लागून आहे, त्यामुळं भांडणाला आम्हाला लांब जावं लागत नाही.

तर शेंदऱ्या म्हातारा झाला. पूर्वेची बाजू वाळून गेली, सहा वर्षं एक मोहर नाही. त्याच्या सावलीत बटाट्याच्या चार ओळी धरत नव्हत्या. नाथाजीचं म्हणणं झाड काढावं. विट्याचा एक लाकूडवाला अधूनमधून यायचा, बुंध्यावर थाप मारून बघायचा. तो आला की काकी मिश्रीची डबी घेऊन झाडाखाली जाऊन बसायची आणि तो जाईपर्यंत उठायची नाही. मायलेकरांत यावरून अबोला व्हायचा. आपण मेल्यावर नाथा आपल्याला घरचं लाकूड घालणार की आधीच विकून मोकळा होणार, ही तिची धास्ती. नाथाजी तसा माणूस नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाच्या धास्तीला कोण समजावणार?

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात वीरधवल एका कंपनीचं काम घेऊन आला. वीरधवल आमच्याच वाडीचा पोरगा, शेतकी शिकलेला, बरीच वर्षं नोकरीसाठी वणवण करून शेवटी पुण्याच्या या कंपनीत लागलेला. त्यानं आम्हाला देवळात बसवून समजावून सांगितलं. बाहेरच्या देशांत लोक फार धूर करतात. विमानं, कारखाने, मोठमोठ्या गाड्या. त्या धुरानं सगळ्या जगाचं हवामान बिघडतं, आपला पाऊसही त्यानंच बिघडला. झाडं धूर गिळतात. तिकडच्या एका विमान कंपनीला आपला धूर फेडायचा आहे. आपल्या बांधावरची झाडं मोजायची, त्यांनी गिळलेला धूर त्या कंपनीच्या नावावर लिहायचा आणि त्याचा मोबदला दर दोन वर्षांनी आपल्याला मिळायचा. आपण फक्त झाडं राखायची. मी विचारलं, मग ते लोक विमानं कमी उडवणार का? वीरधवल हसून म्हणाला, आण्णा, तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही. सगळे हसले, मीही हसलो.

अट एकच होती. चाळीस शेतकऱ्यांचा मिळून एक गट. मोजलेलं झाड तीस वर्षं तोडायचं नाही. एकानं तोडलं तर अख्खा गट बाद, कुणालाच काही मिळणार नाही. आणि वरून उपग्रहातून दिसतं, तेव्हा लपवालपवी चालायची नाही.

सातबारा काकीच्या नावावर होता, म्हणून तिला देवळात आणलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे ह्यो नाथा बी माझ्या झाडाला कुऱ्हाड लावू शकत न्हाई?"

"कुणीच न्हाई, आज्जी," वीरधवल म्हणाला. "झाड तुमचं. फकस्त त्याला हात लावायचा न्हाई."

काकीनं अंगठा पुढं केला. शाईचं बोट पदराला पुसत ती माझ्याकडं बघून समाधानानं हसली. घरी जाऊन तिनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. सरकारी कागदानं आपलं लाकूड आपल्यासाठी राखून ठेवलं, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं होतं. तीस वर्षांत आपण मरणार आणि तेव्हाही हात लावता येणार नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला ते तिथंच बसल्या बसल्या सुचलं होतं. पण माझ्या बांधावरचे अकरा लिंब आणि बाभळी त्या यादीत होत्या, आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यावर करायचं असं मी मनात धरलं होतं. मी म्हटलं, मोडता कशाला घाला. बाकीच्यांचंही असंच, कुणाचे पत्रे, कुणाची मोटार.

पुढच्या आठवड्यात वीरधवलनं टेपनं बुंधे मोजले आणि प्रत्येक झाडाला नंबरचा पत्रा ठोकला. शेंदऱ्याजवळ काकीला उभं करून फोटो काढला. पुण्याहून आलेल्या बाईंनी तिला बुंध्याला मिठी मारायला सांगितली. काकीला काही सुधरेना, झाडाला कधी कुणी मिठी मारतं होय. शेवटी तिनं नुसता हात ठेवला, आणि तेवढ्यावर भागलं.

या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि थांबायचं विसरला. आमचा मुलूख दुष्काळी. पावसासाठी आभाळाकडं बघत बसण्यात आमच्या पिढ्या गेल्या, त्या आम्ही ऊन पडावं म्हणून बघत बसलो. जून गेला, जुलै गेला. बटाटा लावला तो मातीत कुजायला लागला. गोवऱ्यांच्या रचलेल्या हुडव्याला बुरशी आली. घराघरांतलं जळण संपलं, आणि बांधावरचं तोडायचं नाही म्हणून बायका ओल्या तुराट्या फुंकत चुलीपुढं डोळे चोळत बसायच्या. ज्यांच्याकडं गॅस होता त्यांनाही टाकी आणायला विट्याला जावं लागे, आणि त्या रस्त्यावरची ओढ्याची फरशी, म्हणजे बुटका पूल, दिवसाआड पाण्याखाली.

श्रावणात नाथाजीनं उरलासुरला बटाटा काढायला घेतला. मजूर चिखलात यायला तयार नाहीत, म्हणून तो आणि त्याची बायको धोंडुबाई दोघंच. औत चालत नव्हतं, बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. दोघं हातानं माती उपसून बटाटे काढायची. दहातले सात हातात घेताच फुटायचे आणि त्यांचा घाण पांढरा लगदा बोटांतून ओघळायचा. त्या वासानं जेवण जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो. नाथाजीच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. तो घरी आला की तेल-हळद लावून पाय वर करून बसायचा आणि सकाळी परत त्याच चिखलात उभा राहायचा. धोंडुबाईच्या दहाही नखांच्या कडा सुजल्या होत्या. त्यांचा मुलगा साईराज साताऱ्याला कारखान्यात कंत्राटी कामाला, त्याला रजा मिळत नव्हती.

काकी शहात्तर वर्षांची. तिला घरात बस म्हणून किती सांगितलं. ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधावर येऊन बसायची आणि चांगला-सडका निवडायची. चांगल्याचा ढीग उपड्या पाटीएवढा, सडक्याचा कमरेएवढा. तसं भिजून भिजून तिच्या छातीत कफ धरला. भादव्यात ती अंथरुणाला लागली. विट्याला न्यायचं तर फरशीवर पाणी. नाथाजीनं तिला वडूजला नेऊन आणलं, इंजेक्शनं झाली, पण माणूस आतून सैल होत चाललं होतं. मी रोज जाऊन बसायचो.

एका दुपारी तिनं नाथाजीला जवळ बोलावलं. मी तिथंच होतो.

"नाथा, पावसाचं दिवस हायत," ती म्हणाली. "उगवतीची वाळकी बाजू आदी तोड. ती खाली घाल. वली वरनं. आंब्याचं हाय, जळंल."

"व्हय," नाथाजी म्हणाला.

"खांडं मोठी ठिव. बारीक नगं."

"व्हय, आये."

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर धास्ती अशी काही उरली नव्हती, लग्नाचा बस्ता झाल्यावर घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान होतं. नाथाजी उठून पडवीत आला आणि पाण्याच्या हंड्याला टेकून उभा राहिला. मी बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, काय करू? कागदाचं काय करू? मी म्हटलं, काकी दणकट आहे, आत्तापासून कशाला, बघू तेव्हाचं तेव्हा. एसटीत पास संपलेल्या प्रवाशाला मी असंच पुढच्या स्टॉपवर ढकलायचो.

चौथ्या दिवशी सकाळी चहाची बशी ओठाला लावतानाच काकी गेली. चहा उशीवर सांडला. धोंडुबाईनं आधी उशी पुसली आणि मग तिला कळलं.

पाऊस पडतच होता. पाहुण्यांना फोन गेले. साईराज साताऱ्याहून निघतो म्हणाला. माणसं जमली, तिरडीचा बांबू आला, मडकं आलं. आणि मग नाथाजी गोठ्यातून कुऱ्हाड घेऊन निघाला. त्याच्या मागोमाग आम्ही पंचवीस-तीस माणसं छत्र्या, खोळी घेऊन त्या चिखलातून विहिरीच्या बांधाकडं गेलो. मयताला आलेली माणसं, पण सगळी आम्हा चाळिसांतलीच.

वीरधवल धावत आला. त्याचे बूट चिखलानं भरले होते. तो नाथाजीच्या पुढं झाला नाही, बाजूला उभा राहून म्हणाला, की तात्या, पाच मिनिटं द्या, मी ऑफिसला विचारतो. रेंज मिळेना म्हणून तो विहिरीच्या कठड्यावर चढून बोलत होता. पलीकडं बाई असावी. तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण वीरधवल सारखा हो मॅडम, समजलं मॅडम म्हणत होता. खाली उतरल्यावर त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. मॅडमना फार वाईट वाटलं. अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, झाडाचे चारी बाजूंनी फोटो जोडायचे. माणूस येऊन बघून जाईल. वाळलेल्या भागापुरती परवानगी मिळू शकते, आठ-दहा दिवस लागतील. त्याआधी तोडलं तर नियम तो नियम, गट बाद.

"आठ-धा दिस आईला घरात ठिवू व्हय रं?" नाथाजीनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारावं तसं.

वीरधवल रडायला लागला. तो काकीच्या मांडीवर वाढलेला पोरगा. त्याची नोकरी गेली असती, घरी दोन लहान मुली. मी त्याला दोष देत नाही. दोष द्यायचा तर मला बराच लांबपर्यंत द्यावा लागेल, तिकडं विमानात बसून गार पाणी पिणाऱ्या माणसापर्यंत, आणि त्याला तर काकीचं नावही ठाऊक नाही.

नाथाजीनं कुऱ्हाड उचलली. वाळक्या बाजूवर घाव घालायला तो नेमका उभा राहिला. मग त्यानं ती तशीच खांद्यावर ठेवून आमच्याकडं तोंड केलं. पाऊस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता.

"ह्यात समद्यांचं हाय," तो म्हणाला. "मी एकट्यानं तोडून तुमच्या पोटावर पाय देनार न्हाई. पर एकानं, नुस्त्या एकानं जरी म्हटलं, तोड नाथा, तर तोडतो."

तो थांबला. चांगला वेळ थांबला. छत्र्यांवर पाऊस वाजत होता. कुणीतरी खोकलं. मी माझ्या पायांतल्या चपलेकडं बघत होतो, तिचा अंगठा तुटायला आला होता आणि आता ती शिवून घ्यावी असा विचार, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात त्या वेळी आला. मला बायकोचा गुडघा दिसत होता. बाकीच्यांना आपापलं काय दिसत होतं ते त्यांना माहीत. कुणी वाईट माणसं नव्हेत ही. काकीनं त्यातल्या निम्म्यांना ताप आल्यावर काढा पाजलेला आहे.

नाथाजीनं कुऱ्हाड खाली घेतली आणि तो घराकडं चालू लागला. आम्ही वाट सोडली.

लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न होता. विट्याच्या वखारीची वाट पाण्याखाली. वडूजला फोन केला तर तिथलंही लाकूड ओलं, आणि ते आधीच दोन मयतांना बोलून ठेवलेलं. अखेर साईराजला वाटेतच फोन लावला. तो परत फिरला. त्याच्या कारखान्यात परदेशातून यंत्रं येतात ती लाकडी खोक्यांतून. खोकी फोडून फळ्या भंगारवाला नेतो. साईराजनं हात जोडून त्या भंगारवाल्याकडून छोटा टेम्पोभर फळ्या मिळवल्या, वर ताडपत्री बांधून तो दुपारी तीनला वाडीत पोचला. तोवर काकी पडवीत पाटावर होती, आणि धोंडुबाई तिच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत बसली होती.

स्मशानात पत्र्याची शेड आहे. तिच्याखाली आम्ही फळ्या उतरवल्या. पांढऱ्या, हलक्या, गुळगुळीत फळ्या, त्यांना एक गोडसर औषधी वास. एकेका फळीवर इंग्रजी अक्षरं, वर तोंड केलेला बाण, आणि छत्रीचं चित्र. आत यंत्र आहे, पावसापासून जपा, असा त्याचा अर्थ, साईराजनं मला हळूच सांगितलं. तो प्रत्येक फळी फिरवून अक्षरांची बाजू खाली घालत होता. नाथाजी बघत होता. त्यानं फक्त एक फळी हातावर तोलून पाहिली आणि ठेवून दिली. मोठं खांड ठेव म्हणून काकीनं सांगितलं होतं. त्या फळ्या बोटभर जाडीच्या होत्या.

काकीला वर ठेवलं. नाथाजीनं पाणी फिरवलं, मडकं फोडलं, अग्नी दिला. फळ्यांनी पेट असा घेतला, की आम्ही मागं सरलो. ज्वाळा पत्र्याला लागल्या. एवढ्या ओल्या दिवसांत इतका झकास पेट बघून एक-दोघांना हायसं वाटलं, तसं ते बोललेही. मला कळत होतं. ते लाकूड जोरात पेटतं पण त्याला निखारा नाही. पाऊण तासात सगळं खाली बसलं, नुसती पांढरी राख आणि लाल झालेले खिळे. काकीचे हात-पाय गेले होते. छाती आणि कमर तशीच होती, काळी.

माणसं बघायचं टाळायला लागली. साईराज उठून शेडच्या बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. कुणी ट्रॅक्टरमधलं डिझेल आणलं, ते ओतलं की भडका उडायचा आणि विझायचा. नाथाजी बांबूनं राख सारखी करत होता, पण जळायला खाली काही नव्हतंच. बांबूचं टोक तिच्या बरगडीला लागलं तसा तो मागं झाला आणि त्यानं बांबू खाली टाकला.

मग मी घरी गेलो. माळ्यावर माझ्या बापाची पाभर होती, जुन्या बाभळीची, हाडासारखी वाळलेली. पेरणीचं अवजार कुणी जाळत नाही, आमच्यात ते पाप मानतात. मी ती खांद्यावर घेतली आणि परत निघालो. वाटेत बघतो तर आणखी माणसं घराघरांतून बाहेर पडत होती. कुणी कुळवाचं दिंड घेतलेलं, कुणी मोडकं जू, कुणी दाराची चौकट, एकानं बाळंतिणीची बाज मोडून आणली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी तोंड न उघडलेली सगळी माणसं, प्रत्येकजण काहीतरी घेऊन. आम्ही ते आणून नाथाजीपुढं ठेवलं आणि मला वाटलं, चला, निदान एवढं तरी केलं. मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

नाथाजीनं त्या ढिगाकडं पाहिलं. जू, चौकट, बाजेचे पाय, पाभर. एकेका घरचं एकेक लाकूड.

"शेवटी आईला मागूनच आणलं," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं आपण काय केलं ते. पण दुसरा इलाजही नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं ते एकेक लाकूड रचलं, माझी पाभर सर्वांत खाली. दिवस मावळायच्या आत काकी जळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेलो. पाऊस उघडला होता, पत्र्यावरून नुसते थेंब पडत होते. राखेवर दूध-पाणी शिंपडलं आणि नाथाजी, साईराज, धोंडुबाई आणि मी अस्थी वेचायला बसलो. अस्थी कमी आणि खिळे जास्त. लांब, पिळाचे, परदेशी खिळे, त्यांत आमच्या कुळवाच्या पट्ट्या, चौकटीच्या बिजागऱ्या. बोटांना दोन्ही सारखंच लागायचं. अस्थी गाडग्यात आणि लोखंड बाजूच्या घमेल्यात असं आम्ही निवडत होतो, काकी बांधावर बसून बटाटा निवडायची तसं. एक खिळा मणक्याच्या हाडात रुतून बसला होता. नाथाजीनं तो ओढून बघितला, फिरवून बघितला. हाड मोडेल म्हणून त्यानं तो तसाच गाडग्यात ठेवला.

तेवढ्यात धोंडुबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. ती तीन दिवसांत पहिल्यांदाच रडत होती. म्हणाली, आत्याबाई येता-जाता मला दिसतात, झाडाखाली बसल्यात आणि विचारतात, अगं, माझं लाकूड कुठं हाय?

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाथा, तोड त्ये झाड. आत्ता तोड. मी सांगतो समद्यास्नी, काय व्हायचं ते हू दे. दहाव्याला काकीच्या नावानं त्याची धुनी पेटवू."

मी हे मनापासून म्हटलं होतं. आता ते म्हणायला मला काही पडत नव्हतं हेही तितकंच खरं, आणि नाथाजी मला लहानपणापासून ओळखतो.

त्यानं वर बघितलं नाही. राखेत बोटं फिरवत राहिला.

"आता ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आता त्यात आमचं काय न्हाई. त्या इमानवाल्यांचं हाय त्ये, त्यास्नी लखलाभ." मग थोड्या वेळानं म्हणाला, "परवा एक मानूस पायजे हुता, सयाजी. नुस्ता एक."

त्यानं गाडग्याला फडकं बांधलं, साईराजनं घमेलं उचललं, आणि आम्ही अस्थी सोडायला येरळा नदीच्या वाटेला लागलो.